कात्री न चालणारा अस्सल चाकू

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी बालाघाटात आंबा उशिरा आला आणि तुळसाबाईंचा भाऊ लवकर आला. घरात दोघांचीही तयारी नव्हती.

तुळसाबाईंचे यजमान घनश्यामराव लांजेवार यांना जगातली कोणतीही नकली वस्तू फसवू शकत नव्हती. हे त्यांचं स्वतःचं मत होतं आणि ते दिवसातून दोनदा तरी सांगायचे. अडतीस वर्षं त्यांनी राईस मिलमध्ये परखी चालवली होती. परखी म्हणजे ती लोखंडी पोकळ सळई. भरल्या पोत्यात खुपसली की आतले मूठभर तांदूळ बाहेर येतात. घनश्यामराव ते तळहातावर पसरायचे, वास घ्यायचे, एक दाणा दाढेखाली धरून कट्ट करून फोडायचे आणि तिकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचाही निकाल द्यायचे, "हा चिन्नोर नाई. चिन्नोरच्या बाजूच्या वावरातला हाय!" व्यापारी गाडी मुकाट्याने परत न्यायचे.

निवृत्तीनंतर पोती संपली, पण दाढ राहिली. मग घनश्यामराव घरात येणारं सगळंच पारखू लागले. दूध, हिंग, डॉक्टरच्या गोळ्या, एवढंच काय, शेजारच्या शांताबाईंच्या सुनेची अंगठीसुद्धा! अंगठी अस्सल निघाली, दाढ मात्र हलली.

"मले कोनी फसवून दाखवावं!" ते म्हणायचे. "पैदाच नाई झाला तो मानूस!"

एकावन्न वर्षांच्या संसारात कुठं बोलायचं नाही हे तुळसाबाईंना पाठ झालं होतं.

अशात एका मंगळवारी खैरलांजीकडून प्रेमलाल यांचा फोन आला. प्रेमलाल म्हणजे तुळसाबाईंचे थोरले भाऊ, फौजेतले निवृत्त हवालदार, वय अठ्ठ्याहत्तर. आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.

"तुळसे! राहुलचं काम झालं! पोट्टा फौजेत लागला!"

"वा दादा! नातवानं नाव काढलं!"

"मंग! त्याले आता मी माह्या चाकू देनार हाय. तो गोऱ्यावाला. जवाईबुवाजवळ हाय ना?"

"हौ दादा, पेटीत हाय," तुळसाबाई म्हणाल्या.

"बस्स! या नाई, पुढच्या आइतवारी येतो घ्याले. आमरस करजो!"

फोन बंद झाला. पेटीत चाकू नव्हता. तो पेटीत कधीच नव्हता. तो एकोणीसशे सत्त्याऐंशी सालापासून वैनगंगेत होता.

त्याचं असं झालं होतं. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्रेमलाल पहाडावरून सुट्टीवर आले. बहिणीसाठी लाल कंगवा आणला आणि स्वतःच्या खिशात एक लाल चाकू. मुठीवर पांढरी खूण, आत दोन पाती, एक कात्री, एक चिमटा आणि एक पिळाचा खिळा, ज्याचा उपयोग त्या काळी बालाघाट जिल्ह्यात कोणालाही माहीत नव्हता. बर्फात अडकलेल्या एका गोऱ्या गिर्यारोहकाला प्रेमलाल यांनी पाठीवरून खाली आणलं आणि त्यानं खूश होऊन तो चाकू दिला, अशी हकीगत होती. दर वर्षी सांगताना पहाड थोडा उंच व्हायचा आणि गोरा थोडा जाड.

घनश्यामरावांना मिलमध्ये दाखवायला तो चाकू हवा होता. "चारच दिवस!" ते म्हणाले. प्रेमलाल यांनी चाकू जमिनीवर ठेवला आणि घनश्यामरावांनी उचलला. दोन्ही घरांत चाकू, सुरी, मिरची कधी हातात देत नसत. हातात दिलं की भांडण होतं. खाली ठेवायचं, समोरच्यानं उचलायचं.

तिसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको नदीत टरबूज आणायला गेले. तेव्हा उन्हाळ्यात वैनगंगेच्या रेतीवर टरबुजाच्या वाड्या असायच्या आणि वाडीवाला तिथंच कापून द्यायचा. पण त्या दिवशी घनश्यामराव वाडीवाल्याला म्हणाले, "तुह्या विळा ठेव. आमच्याजवळ फॉरेनचा हाय!" टरबूज कापलं, चाकू धुवायला पाण्यात धरला, आणि मग हातात नुसतं पाणी राहिलं.

दोघांनी संध्याकाळपर्यंत रेती चाळली. सापडल्या दोन शिंपल्या आणि कोणाची तरी चप्पल.

दुसऱ्याच दिवशी प्रेमलाल यांना पलटणीची तार आली. जाताना ते म्हणाले, "चाकू राहू द्या जवाईबुवा. सांभाळून ठेवा, मी मंग घेईन." त्या चार दिवसांची आता छत्तीस वर्षं झाली होती. दर भाऊबीजेला प्रेमलाल पाटावर बसायचे, तुळसाबाई ओवाळायच्या आणि ते विचारायचे, "चाकू हाय ना?" त्या हातात निरांजन घेऊन सांगायच्या, "हौ दादा, पेटीत हाय."

खरं का सांगून टाकलं नाही, असं कोणी म्हणेल. ज्यांनी प्रेमलाल यांना पाहिलेलं नाही तेच म्हणतील. त्यांच्या एका चुलतभावानं त्यांचा टॉर्च नेला आणि परत दिला नाही. प्रेमलाल नऊ वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. तो गेला तेव्हा तेराव्याला गेले, फोटोला हार घातला आणि फोटोकडे पाहून म्हणाले, "टॉर्च राह्यला."

तुळसाबाईंचे आईवडील कधीच गेले होते. दुसरं भावंड नव्हतं. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते सगळं प्रेमलाल यांच्या मोटारसायकलवर बसून वर्षातून एकदा यायचं. ते यायचं थांबू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"घाबरू नको," घनश्यामराव म्हणाले. "तसाच दुसरा घेऊ. आजकाल मोबाईलवर सारं भेटते. अन् अस्सल हाय का नकली, ते पाहाले मी हाय!"

इथून खरा बिघाड सुरू झाला.

मोबाईल होता मंजुषाचा. मंजुषा ही त्यांची नात. आईवडील रायपूरला, ती बालाघाटला कॉलेजात, म्हणून आजीआजोबांजवळ राहायची. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची आणि दोन्ही घाईत.

तिनं मोबाईलवर चाकूंची रांगच्या रांग उभी केली. सगळे लाल, सगळ्यांवर पांढरी खूण. किंमत मात्र एकाची ताटलीभर भज्यांएवढी, तर दुसऱ्याची महिन्याच्या किराण्याएवढी.

"हा घे," घनश्यामरावांनी भज्यांवाल्यावर बोट ठेवलं. "पाय, तारे किती हायेत! अन् लिहिलं हाय, अस्सल, अस्सल, शंभर टक्के अस्सल!"

"आबा, ज्याला तीनदा लिहावं लागतं तो अस्सल कैसे होगा?"

"काहून? मी नाई का सांगत, मी पारखी हाय म्हनून?"

मंजुषानं आजीकडे पाहिलं. आजीनं भिंतीकडे पाहिलं.

"आबा, नीट ऐका. पह्यले विकणारा कोण आहे ते पाहायचं. हा तर मोबाईलचे कव्हर विकतो, झाडू विकतो, और बीच में चाकू! असली वाले कंपनीच्या ठरलेल्या दुकानातूनच विकतात. दुसरं, इतना सस्ता असली कधीच नसतो. तिसरं, हे तारे देणारे लोक पाहा. चार हजार लोकांनी एकाच दिवशी लिहिलं, खूप छान, खूप छान. किसी ने फोटो तक नहीं डाला!"

"लाजत असतीन."

"आबा!"

"मंजू, पोतं न फोडता तांदूळ कळतो का? मागव. हातात आल्यावर मी सांगतो."

मागवला. पाचव्या दिवशी कुरियरवाला पुनाराम पाकीट घेऊन आला. हा पुनाराम पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा आणि पायऱ्यांचा कंटाळा असलेला माणूस. घराखालूनच ओरडायचा, "लांजेवाऽर! सामान!" आणि सगळी गल्ली बाहेर यायची.

घनश्यामरावांनी चष्मा पुसला, सतरंजी अंथरली, उजेडात बसले. चाकूचा वास घेतला. तळहातावर तोलला. मग पाण्याच्या तांब्यात टाकला.

"अवो, तांदूळ हाय का तो?" तुळसाबाईंनी विचारलं.

"पोचट असंल तर वर येईल."

चाकू वर आला नाही. घनश्यामरावांनी समाधानानं मान हलवली आणि मूठ दाढेखाली धरून कट्ट केलं. मग गालावर हात ठेवला.

"अस्सल हाय," ते शेवटी म्हणाले. "कडक हाय."

मंजुषानं चाकू खाली ठेवायला लावला आणि उचलला. मोठं पातं उघडेना. नखानं जोर लावला तर नख उलटलं. आजोबांनी जोर लावला तर त्यांचंही गेलं. शेवटी उलथन्यानं उघडलं. उघडलेलं पातं पडवळासारखं हलायला लागलं. भेंडीवर चालवलं तर भेंडी वाकली, कापली नाही. कात्रीत दोरा धरला तर कात्रीनं तो गिळून टाकला, ना तुटला ना सुटला. चिमटा तर बाहेरच येईना. तो फक्त दिसायला लावला होता. मंजुषानं चाकू कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळत होतं.

"नकली," ती म्हणाली. "पक्का नकली. असली उघडला की टक वाजतो, बंद केला की टक वाजतो. पात्याच्या मुळाशी कंपनीचा ठसा बारीक और साफ असतो. याचा पाहा, जणू गोणीवर मारलाय."

घनश्यामराव उठले, कोनाड्यातलं मीठ घेतलं आणि गुळण्या करायला गेले. जाताना म्हणाले, "मी म्हनलंच होतं, तारे जास्त हायेत."

दुसरा चाकू मंजुषानं स्वतः मागवला. कंपनीच्या ठरलेल्या दुकानातून, महिन्याच्या किराण्याएवढा. तो शुक्रवारी आला. डबी, हमीचा कागद, सगळं जागच्या जागी. उघडताना टक! बंद करताना टक! कात्रीनं दोरा असा कापला की दोऱ्यालाही कळलं नसेल. तुळसाबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. पाहुणे रविवारी येणार, चाकू शुक्रवारी आला. आता काय राहिलं?

"राह्यलं," घनश्यामराव म्हणाले. "हा नवा हाय."

मंजुषानं हमीचा कागद पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"छत्तीस वर्षं पेटीत पडलेला चाकू असा नवरीसारखा चमकंल काय?"

मुद्दा बरोबर होता. घनश्यामरावांचे मुद्दे बरोबरच असत, उपाय चुकायचे.

त्यांचा उपाय असा. पत्र्याच्या डब्यात मिलमधला धानाचा भुसा आणि नदीची रेती घालायची, त्यात चाकू टाकायचा, झाकण बांधायचं आणि डबा पायानं लोळवत बसायचं. अस्सल चाकू एकदम टाकायला जीव होईना, म्हणून आधी नकलीवर तालीम करायची ठरली. शिवाय वैनगंगेत गेलेल्या मूळ चाकूच्या मुठीवर प्रेमलाल यांनी खिळ्यानं 'प्रे' कोरला होता. तोही कोरावा लागणार. त्याचीही तालीम नकलीवर झाली. घनश्यामरावांचा हात थरथरला आणि 'प्रे' असा निघाला जणू कोणी भूकंपात लिहिलाय. अस्सलवर मात्र हात जरा बसला.

शुक्रवारची दुपार आणि शनिवारची सकाळ ते खुर्चीत बसून पायानं डबा लोळवत होते. खडाड् खडाड् खडाड्! शांताबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय दळून राह्यले जी?"

"मसाला!" तुळसाबाई ओरडल्या.

"कशाचा?"

घनश्यामरावांनी डबा आणखी जोरात लोळवला.

मध्येच पुनाराम आला. मंजुषानं नकली परत करायचं कळवलं होतं, तो न्यायला आला होता. घनश्यामरावांनी डब्यातून नकली काढून, भुसा फुंकून, खाली ठेवला. पुनारामनं तो उचलून उलटसुलट पाहिला.

"काकाजी, मी नव्या चाकूचं रिटर्न न्यायला आलो. हे तर तुमच्या बाबूजीच्या जमान्याचं हाय!"

"आठ दिवसच झाले घेऊन!"

"आठ दिवसांत असं? काय करता काय तुम्ही घरात?" पुनारामनं चाकू पुन्हा खाली ठेवला आणि आयुष्यात प्रथमच पायऱ्या भराभर उतरून गेला.

घनश्यामरावांना मात्र आनंद झाला. "ऐकलं? बाबूजीच्या जमान्याचं! म्हंजे रंग जमला!" आणि त्या आनंदात, दोघांचा रंग सारखा यावा म्हणून, त्यांनी अस्सल आणि नकली दोन्ही एकाच डब्यात टाकले.

मंजुषा घरी असती तर ओरडली असती. पण ती मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गोंदियाला निघून गेली होती.

शनिवारी संध्याकाळी डबा उघडला. गोणपाटावर दोन चाकू ठेवले. दोन्ही म्हातारे. दोन्ही लाल, खरवडलेले, दोन्ही मुठींवर भुशानं बुजलेला 'प्रे', आणि दोघांच्या फटींतही भुसा.

"आता?" तुळसाबाईंनी विचारलं.

"आता काय! अडतीस वर्षं काय केलं मी?" घनश्यामरावांनी वास घेतला, तोलला. दाढ वापरायची नाही असं ठरवलं होतं, तरी सवयीनं वापरली. मग डोळे मिटून बोट ठेवलं. "हा अस्सल."

"अवो, पाती उघडून पाहू. दोरा..."

"तू मले शिकवून राह्यली? नजर लागते त्याले, नजर!" असं म्हणून त्यांनी तो चाकू पांढऱ्या रुमालात बांधला, देवाजवळ ठेवला आणि ते आंघोळीला गेले.

तुळसाबाईंनी न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज ऐकला, पदराचा एक दोरा काढला आणि राहिलेल्या चाकूची कात्री उघडली. दोरा अलगद कापला गेला. मग रुमाल सोडून आतली कात्री उघडली. तिनं दोरा गिळला.

त्यांनी रुमाल होता तसा बांधून ठेवला. यजमानांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मानलं नसतं. मानलं असतं तर पुन्हा पारखायला बसले असते. अस्सल चाकू त्यांनी कमरेच्या बटव्यात टाकला आणि आंबे पिळायला घेतले.

रविवारी दहाच्या सुमाराला मोटारसायकल आली. पुढे राहुल, मागे प्रेमलाल, मध्ये चिन्नोरचं पोतं. घनश्यामरावांनी पोत्यात बोट घालून दाणा काढलाच होता, तेवढ्यात तुळसाबाईंनी डोळे वटारले. दाणा परत गेला.

जेवणं झाली. आमरस, कुरड्या, भात. प्रेमलाल यांनी दोन वाट्या रस संपवला, वाटी बाजूला ठेवून हात पुसले आणि सतरंजीवर मांडी घालून म्हणाले, "आना."

घनश्यामरावांनी रुमाल आणला, मूर्ती आणावी तसा. गाठ सोडली, चाकू सतरंजीवर ठेवला. तुळसाबाई सुपारीचं तबक घेऊन आल्या, ते चाकूवरच टेकवलं, पदर सावरला, "चुकलं बाई," म्हणून तबक बाजूला घेतलं. सतरंजीवर चाकू होता तिथंच होता. फक्त तो दुसरा होता; रुमालातला बटव्यात गेला होता. बायकांच्या हाताला ही सफाई असते. पाहुण्याच्या ताटातली जळकी पोळी आम्ही अशीच बदलतो.

प्रेमलाल यांनी चाकू उचलला. खूण पाहिली. 'प्रे' वरून अंगठा फिरवला. मोठं पातं उघडलं.

टक!

मिटलं. टक!

कात्री काढली. सदऱ्याचा एक लोंबता धागा कापला. धागा सतरंजीवर पडला.

"जवाईबुवा," प्रेमलाल म्हणाले, "हा माह्या चाकू नाई."

तुळसाबाईंच्या हातातली सुपारी तबकात पडली.

"काहून, दादा?" घनश्यामरावांनी विचारलं.

"याची कात्री चालते."

"मंग... चांगलंच हाय ना?"

"काय चांगलं हाय? माह्या चाकूची कात्री एक दिवस नाई चालली! मोठं पातं उघडाले नख लागे. दोन नखं गेलते माह्ये, डाव्या हाताचं अन् उजव्या हाताचं. हा तर लोन्यासारखा उघडून राह्यला! अन् त्याचा 'प्रे' असा सरळ नोहता." प्रेमलाल यांनी चाकू खाली ठेवला. "हा नकली हाय. बदलला कोनीतरी."

"नाई दादा! मी स्वतः पारखून..."

"पारखून? माह्या चाकूले पारखाची काय गरज पडली?"

प्रेमलाल यांनी घनश्यामरावांकडे पाहिलं आणि ते पाहणं तुळसाबाईंनी लगेच ओळखलं. चुलतभावाच्या फोटोकडे त्यांनी असंच पाहिलं होतं. अजून एक वाक्य आणि माहेर मोटारसायकलला किक मारून निघून जाणार होतं.

"अगं माय!" तुळसाबाईंनी कपाळावर हात मारला. "दादा, मीच चुकली! तो सुपारी कातराचा हाय माह्या. तबकाबरोबर तोच ठेवला गेला! थांबा." आणि बटव्यात हात घालून त्यांनी रुमालातला चाकू, म्हणजे भज्यांएवढ्या किमतीचा, सतरंजीवर ठेवला.

"तुले सुपारीले माह्याचसारखा चाकू काहून लागला?"

"तुमची आठवन म्हनून, दादा."

खोटं बोलायचं तर ते भावाच्या बाबतीत पचतं, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता.

प्रेमलाल यांनी चाकू उचलला. मुठीवरचा भूकंपातला 'प्रे' पाहिला. नख घातलं, जोर लावला.

"आई गं!"

पातं करकरत उघडलं. नखाचा अर्धा तुकडा राहुलच्या मांडीवर पडला. पातं पडवळासारखं हललं. कात्रीनं सदऱ्याचा धागा धरला आणि सोडेना. प्रेमलाल यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नखाचं होतं की आणखी कशाचं, कोण सांगणार!

"हौ!" ते म्हणाले. "हाच! हाच माह्या! पाय राहुल, हा 'प्रे'! बर्फात कोरला मी. थंडीनं हात कापत होते. अस्सल फॉरेन!"

राहुलनं सदऱ्यात अडकलेली कात्री सोडवता सोडवता विचारलं, "पर आजोबा, गोऱ्याच्या चाकूची कात्री काहून नाई चालत?"

"चालती तर तो बर्फात अडकला असता काय?" प्रेमलाल म्हणाले.

राहुलला ते पटलं. घनश्यामरावांनी तर टाळी दिली. त्यांना एवढंच कळलं होतं की काल त्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं तोच चाकू साळ्यानं अस्सल म्हणून ओळखला!

तुळसाबाईंना मात्र एकदम तो लाल कंगवा आठवला. सत्त्याऐंशीच्याच सुट्टीत भावानं आणलेला. त्यावरही तीच पांढरी खूण होती. तेव्हा त्यांना वाटलं होतं, नक्षी असेल. गोंदियाच्या फलाटावर तेव्हा गळ्यात खोकं अडकवलेले फेरीवाले फिरायचे. कंगवे, आरसे, टॉर्च, चाकू, सगळं एकाच खोक्यात. पहाडावरून येणाऱ्या हवालदाराला गाडी बदलायला तिथं दोन तास थांबावं लागायचं.

त्यांनी भावाकडे पाहिलं. प्रेमलाल बाजूला ठेवलेली रिकामी वाटी परत घेऊन बोटानं पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"रस वाढू दादा?" तुळसाबाईंनी विचारलं.

"वाढ," प्रेमलाल म्हणाले.

आता पुढं कोणाचं काय झालं ते सांगते.

राहुल प्रशिक्षणाला गेला. केंद्राच्या फाटकावर सगळ्यांचे चाकू, ब्लेड काढून घेतले आणि पावती दिली. त्याच्या पावतीवर लिहिलं होतं, 'चाकू लाल, नादुरुस्त, एक.' ती पावती त्यानं जपून ठेवली आहे. पोरगा आता चांगला शिपाई झाला आहे.

मंजुषानं झाडूवाल्या दुकानाला एक तारा दिला आणि खाली फोटोंसकट मोठा मजकूर लिहिला. दोन महिन्यांनी त्या दुकानाचे चार हजार तारे आठ हजार झाले. ती सध्या रायपूरला नोकरीला आहे.

पुनाराम लांजेवारांचं सामान अजून खालूनच ओरडून देतो. पण परत न्यायचं काही असेल तर तो दुसऱ्याला पाठवतो.

घनश्यामरावांची दाढ शेवटी काढावी लागली. डॉक्टरनं नवी बसवली. ती अस्सल आहे का, हे पारखायला त्यांच्याकडे आता दाढ नाही. तरी गल्लीत कोणी मोबाईलवरून चाकू, घड्याळ, चप्पल काही मागवलं की त्यांनाच दाखवायला आणतात आणि ते सांगतात, "मले एकदा दोन चाकू दिले होते. डोळे मिटून सांगितलं होतं, डोळे मिटून!" ते खोटं नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला प्रेमलाल आले. पाटावर बसले, तुळसाबाईंनी ओवाळलं. ते नेहमीचं काही विचारणार नव्हते, कारण विचारायला आता काही राहिलं नव्हतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुळसे, तो तुह्या सुपारीचा चाकू... नकली होता. पन उघडत चांगला होता. मंजूले म्हन, मलेही तसाच एक मागवून दे. नकलीच पाह्यजे हं. अस्सलनं नखं जातेत."

तुळसाबाईंनी बटव्यातून चाकू काढला आणि पाटाजवळ जमिनीवर ठेवला. प्रेमलाल यांनी उचलला, एकदा टक करून उघडला, एकदा टक करून मिटला आणि खिशात टाकला.

पुढल्या भाऊबीजेला ओवाळताना तुळसाबाईंनी सहज विचारलं, "दादा, चाकू हाय ना?"

"हौ, पेटीत हाय," प्रेमलाल म्हणाले.

जरा जास्तच पटकन म्हणाले.